परातीतला कार्बोरेटर

आज सकाळी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. खाली गेटापाशी कुणाची तरी जुनी स्कूटर उघडून एक कारागीर बसला होता. त्यानं वर्तमानपत्र अंथरलं, स्क्रू ओळीनं मांडले आणि वाटीतल्या पेट्रोलमध्ये एक लहानसा पितळी तुकडा बुडवून तो दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासू लागला. वारा आमच्याच बाजूचा होता, त्यामुळे वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत आला. शेजारच्या बाईंनी खिडकी धाडकन लावून घेतली. मी मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि चांगला छातीभर श्वास घेतला. कुणाला मोगऱ्याच्या वासानं आपलं तरुणपण आठवतं, कुणाला नव्या लुगड्याच्या. मला पेट्रोलच्या वासानं आठवतं. हे सांगायला लाजायचं वय आता मागं पडलं, आणि खरं सांगायचं तर त्या वासाचा मला गर्वच आहे.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस माझं लग्न झालं, तेव्हा आमच्या ह्यांच्याजवळ एक ट्रक होता. स्थळ आलं तेव्हा 'ट्रान्सपोर्टचा व्यवसाय' असं सांगितलं होतं. त्या भारदस्त शब्दांमागे चाळीस गाड्या आहेत की एक, हे विचारायचं माझ्या वडिलांच्या डोक्यात आलं नाही. एकच होती. तीही लांब नाकाची, पेट्रोलवर चालणारी, कामठीच्या छावणीत फौजेची ओझी वाहून म्हातारी झालेली आणि मग लिलावात निघालेली. वरचा निळा रंग नखानं खरवडला की खालून हिरवा दिसे. डावीकडचं दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नसे. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा माझ्या लग्नाआधीच वारला होता. म्हणून दाराखालच्या टाकीचं झाकण उघडून आत बांबूची एक काडी बुडवायची आणि ती किती ओली झाली ते पाहायचं, अशी रीत होती. नागपुरात सक्करदऱ्याकडच्या आमच्या घरापुढं मोकळी जागा होती, तिथं ही गाडी उभी असे. पहिल्या दिवशी मी माप ओलांडून आत गेले ते तिच्याच बाजूनं, आणि माझ्या शालूला तिचं ग्रीस लागलं. तो डाग कधीच निघाला नाही.

मोटर-लाइनीतली, म्हणजे ट्रकधंद्यातली, माणसं ह्यांना हसत. तोवर सगळ्यांकडे डिझेलच्या गाड्या आल्या होत्या, आणि पेट्रोलचा ट्रक म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. "मोडीत घाल गा तिले, नाईतर डिझेलचं इंजन बसव," असं ज्याला त्याला सांगावंसं वाटे. आमचे हे ऐकून घेत आणि घरी आल्यावर म्हणत, "इंजन चांगलं हाये तिचं. फक्त तिले समजून घेनारा पाहिजे." असं आपल्याबद्दल कुणी म्हणावं म्हणून बायका जन्म घालवतात, आणि इथं हे भाग्य एका ट्रकला मिळालं होतं. मला तेव्हा थोडा मत्सर वाटे. आता हसू येतं.

माझ्या माहेरी सगळी लेखणीची माणसं. मराठेशाहीत पुण्याकडून येऊन नागपुरात रुजलेलं कारकुनी घराणं. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, त्यांचं अक्षर छापल्यासारखं. दर रविवारी ते आमच्याकडे येत, ओट्यावर बसत, गाडीकडे पाठ करून चहा घेत. ह्यांचं घर मूळचं सावनेरकडचं, त्यामुळे बोलणं तिकडचं. लग्नानंतर चार महिन्यांत माझ्या तोंडी 'मला'चं 'मले' झालं, तेव्हा वडिलांनी कप खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू पोथीवर पाय दिला. तरी ते जावयाचा अपमान करणारे नव्हते. त्यांना एवढंच वाटे की आपल्या मुलीला महिन्याच्या पहिल्या तारखेची खात्री असावी. त्यात चूक काय होती? काहीच नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात गाडी दम खाऊ लागली. चढावर धाप लागे, उतारावर फटाके वाजत. दोष कार्बोरेटरचा, हे ह्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. मला तेव्हा कार्बोरेटर म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं, की ते गाडीचं स्वयंपाकघर. हवा किती आणि पेट्रोल किती याचं माप तिथं ठरतं, आणि माप चुकलं की सगळा स्वयंपाक बिघडतो. नवा मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा जुनाच नव्यानं बांधायचा असं त्यांनी ठरवलं आणि माझ्या रुखवतातली पितळी परात मागितली. मी दिली. मनातून चरफडत दिली, पण दिली.

मग श्रावण-भाद्रपदातल्या कितीतरी दुपारी मी ते काम पाहिलं. परातीत पेट्रोल, आणि त्यात तो कार्बोरेटर तुकड्यातुकड्यानं सुटा झालेला. आतला दांडा झिजून ढिला झाला होता आणि त्या फटीतून नको ती हवा आत शिरत होती. ह्यांनी लेथवाल्याकडे बसून त्याच्यासाठी पितळेची नवी कडी उतरवून घेतली. आत पेट्रोलवर तरंगणारी एक पोकळ पितळी डबी असते, तिला ते फ्लोट म्हणत. ती कुठं गळते हे पाहायला त्यांनी माझ्याकडून कढत पाणी मागवलं, डबी त्यात बुडवली आणि जिथून बुडबुडा निघाला तिथं खूण केली. तिथं कथलाचा डाग देऊन झाल्यावर मात्र हे थांबले. डाग दिला म्हणजे वजन वाढलं, आणि वजन वाढलं तर ती खोल बुडणार आणि मापात फरक पडणार. तेव्हा ते डबी घेऊन इतवारीतल्या सोनाराकडे गेले आणि गुंजेच्या तराजूत तोलून, कानशीनं जादा डाग उतरवून, पुन्हा तोलून घेतली. सोनारानं विचारलं म्हणे, "हे कोणत्या देवाचं?" सांध्यांत बसवायची जाड पुठ्ठ्याची गॅस्केटं त्यांनी माझ्या कात्रीनं कापली आणि कात्री कायमची बोथट केली. त्यांचे हात तसे राकट होते, नखांत काळं भरलेलं, अंगठ्यावर जुना भाजल्याचा वण. पण त्या परातीवर ते असे चालत की मी भाजी चिरायची विसरून पाहत बसे. माझ्या वडिलांचं अक्षर आणि ह्यांचे हात, दोन्ही एकाच जातीचे होते. हे मला त्या दुपारी कळलं. वडिलांना कसं सांगावं ते मात्र कळत नव्हतं.

कार्बोरेटर बसला, गाडी चालू झाली आणि तिचा आवाजच बदलला. बोनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून ह्यांनी मला बोलावलं. पेल्यातलं पाणी हलत होतं, पण सांडत नव्हतं. आठ दिवस गाडी कामठीला गेली, हिंगण्याला गेली, कुठं एकदाही अडली नाही. मग दसरा आला. ह्यांनी गाडी धुतली, नाकावर झेंडूचा हार घातला, आणि पूजा माझ्याकडे दिली. सासूबाई असताना त्या गाडीला शेंदूर लावीत, म्हणून मीही शेंदूर काढला. घरातलं तिळाचं तेल संपलं होतं, तेव्हा फोडणीचं जवसाचं तेल घेऊन त्यात कालवला. दारावर, चाकांवर, नाकावर बोटं उठवली. टाकीच्या झाकणाकडे आले तर मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक दिसलं. मला वाटलं, गंजून पडलं असणार. आतमध्ये धूळ जाईल, पाणी जाईल, नुकत्याच बांधलेल्या कार्बोरेटरचं वाटोळं होईल. मी जात्याच नीटनेटकी. बोटानं दाबून शेंदूर भरला, भोक साफ बुजवलं आणि त्यावर सुरेख स्वस्तिक रेखलं. ह्यांनी ते पाहून मान डोलावली. मी काय केलं ते त्यांना दिसलं नाही, स्वस्तिक दिसलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी गाडी सावनेरहून आंबिया बहाराची पहिली संत्री घेऊन निघाली आणि पाटणसावंगीच्या अलीकडे बंद पडली. ह्यांनी काडी बुडवून पेट्रोल पाहिलं, ते भरपूर होतं. मग बोनेट उघडून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, काढली, फुंकली, बसवली. गाडी सुरू झाली. दहा-बारा मैलांवर पुन्हा तेच. पुन्हा काडी, पुन्हा जेट, पुन्हा सुरू. घरी आल्यावर गाडी दारात तास तास चालवून पाहिली तर गाणं म्हटल्यासारखी चाले. गावातल्या गावात काही तक्रार नाही. लांबच्या रस्त्याला लागली आणि ओझं चढलं की मरे. टाकी रिकामी करून धुतली, पेट्रोल धोतराच्या घडीतून गाळून भरलं. तरी तेच. झाकण उघडताना सुस्स असा आवाज येई, पण उन्हानं पेट्रोल तापलं की वाफ धरतेच, तो आवाज नागपुरात कुणाला नवा नव्हता. आणि जेट फुंकला की गाडी सुरू होतेच आहे, म्हणजे दोष जेटात, म्हणजे कार्बोरेटरात, म्हणजे बांधणाऱ्यात. याहून सरळ हिशेब कोणता?

संत्र्यांच्या बागाईतदारानं दोनदा ऐकून घेतलं. माल संत्रा मार्केटात उतरेपर्यंत लिलाव आटोपलेला असे आणि फळं दुसऱ्या दिवशीच्या लिलावापर्यंत उन्हात पडून राहत. तिसऱ्यांदा तो स्वतः घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "भाऊ, तुह्या शब्दावर मी गाडी लावली गा. आता दिवाळीपरेंत पाहातो. मंग मले दुसऱ्याले सांगा लागन." तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं टोपलीभर संत्री ठेवली, आणि ती कुणाच्या घशाखाली उतरली नाहीत.

त्याच रविवारी वडिलांनी सांगितलं की कचेरीत एक कारकुनाची जागा आहे. इंटरपर्यंत शिकलेला माणूस चालेल, साहेबांशी बोलणं झालं आहे, भाऊबीजेपर्यंत अर्ज द्यायचा. "जावईबापू, आग्रह नाही," ते म्हणाले, "पण विचार करा." मला वाटलं, हे आता हसून टाळतील. पण हे आपल्या तळव्यांकडे पाहत म्हणाले, "मामाजी, दिवाळीपरेंत गाडी नाई सुधरली, तर मी तुमचा पेन हाती घेतो. शब्द देल्ला." वडिलांचा चेहरा उजळला. मला मात्र पहिल्या तारखेची खात्री नको होती. मला तो माणूस हवा होता जो सोनाराच्या तराजूत फ्लोट तोलायला जातो, आणि फायलींच्या ढिगामागे तो माणूस टिकणार नाही हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. हे रोज कार्बोरेटर उतरवीत, परातीत सुटा करीत, पुसून बांधून चढवीत. काही सापडत नसे, कारण सापडण्यासारखं काही नव्हतंच. पण न सापडणं हे सापडण्याहून वाईट. मोटर-लाइनीत त्यांना 'कार्बोरेटरचे डॉक्टर' म्हणू लागले होते, ते त्यांनी मनावर घेतलं नाही, पण एका संध्याकाळी जेवताना हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "अवं, मले वाटते माहे हातच उतरले. मी बराबर करून राहिलो असं मले वाटते, आन बराबर होत नाई." मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखं नसणार.

वसुबारसेच्या दिवशी मी फराळाला लागले. शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा आणला होता, सील केलेला. अशा डब्याच्या डोक्याला खिळा आणि बत्त्यानं दोन भोकं पाडायची असतात, एका कोपऱ्यात एक आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. हे आईनं मला परकराच्या वयात शिकवलं होतं. त्या दिवशी लक्ष ठिकाणावर नव्हतं, एकच भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरपा केला. तेल धारेनं आलं, मग गचके देत आलं, मग थांबलं. डबा गच्च भरलेला, हाताला जड, आणि भोकातून थेंब नाही. मी तो तसाच तिरपा धरून उभी राहिले. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येणार नाही. धार, गचके, मग बंद. अगदी सावनेरच्या रस्त्यासारखं.

तेलाचे हात पदराला पुसत मी अंगणात गेले. गाडी उभी होती. टाकीच्या झाकणावर माझं स्वस्तिक जसंच्या तसं होतं, दसऱ्याला काढलं त्याहूनही लखलखीत. जवसाचं तेल वाळलं की कसं होतं ते आमच्याकडच्या बाईला सांगायला नको; कढईच्या काठाला सांडलेला ओघळ चार दिवसांनी सुरीनंही निघत नाही. तसाच तो शेंदूर दगड होऊन बसला होता, आणि भोक होतं तिथं बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत लागलं. गंजाचं नव्हतं ते भोक. टाकीच्या श्वासाचं होतं. दर वेळी हे काडी बुडवायला झाकण उघडत, तेव्हा हवा आत जाई, आणि गाडी सुरू होण्याचं श्रेय मिळे जेट फुंकण्याला.

गोणपाट शिवायचं दाभण घरात होतं. खरं सांगते, ते आणायला आत गेले तेव्हा माझ्या मनात पाप आलं. हे मागच्या पडवीत परात घेऊन बसले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. गुपचूप जाऊन भोक मोकळं करावं, स्वस्तिक खरवडून टाकावं. उद्या गाडी चालेल. ह्यांना वाटेल आज काहीतरी बरोबर जमलं. कुणाला काही कळणार नाही आणि मलाही काही ऐकावं लागणार नाही. दाभण हातात घेऊन मी माजघरात उभी होते. मग त्यांचं ते 'हात उतरले' आठवलं, आणि मी तशीच पडवीत गेले.

"अहो," मी म्हटलं, "टाकीले हवा कुठून भेटते?"

"टाकीले हवा कायले पाहिजे? पेट्रोल पाहिजे." ब्रश चालूच होता.

"तेलाच्या डब्याले पाहिजे न. मग टाकीले काहून नाही?"

ब्रश थांबला. "झाकनाले भोक असते," ते सावकाश म्हणाले. "बारीक."

"होतं," मी म्हटलं. "मी बुजवलं. दसऱ्याला. मले वाटलं गंजलं."

ते उठले, माझ्या हातातलं दाभण घेतलं आणि गाडीकडे गेले. मी मागोमाग. शेंदूर सहजी निघेना. त्यांनी दाभणाचं टोक टेकवून वर पान्यानं दोन ठोके दिले, तेव्हा टवका उडाला. आतून सुस्स असा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. मी ओरडा खायच्या तयारीनं भिंतीला टेकून उभी होते. बागाईतदारापुढं शरम, लाइनीतलं हसू, ती सडकी संत्री, सगळं माझ्या एका बोटामुळं. पण ते ओरडले नाहीत. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. "म्हणजे कार्बोरेटर बराबर होता," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "बराबर होता वं तो." आणि तिथंच अंगणात मातीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही गाडीत बसवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. सावनेरला संत्री भरली, वर गवत पसरलं, ताडपत्री बांधली आणि दुपारी परत निघालो. पाटणसावंगी आलं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं, आणि हे हसले, कारण त्यांनी काहीच घेतलं नाही. गाडी गेली. तो चढ गेला, जिथं दर वेळी थांबायचं ते बाभळीचं झाड गेलं, कोराडी गेली. एक सूर धरून ती अशी चालली होती की मला आपण कुठं पोचू नये असं वाटत होतं. संत्रा मार्केटात माल उतरला तेव्हा ऊन कलायचं होतं, लिलाव व्हायचा होता. बागाईतदार स्वतः हजर होता. त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनीले आनलं तर चालली का काय गा?" ह्यांनी मोठ्यानं सांगितलं, चार माणसं ऐकतील असं, "वहिनीनंच चालवली. मी नुसता स्टेअरिंग धरून होतो."

भाऊबीजेला भावासोबत वडील आले. त्यांच्या कोटाच्या खिशात अर्ज होता, त्यांनी स्वतः लिहून आणलेला. फक्त सही बाकी. एकेक अक्षर मोत्यासारखं. तो अर्ज त्यांनी किती मायेनं लिहिला असेल हे मला दिसत होतं, म्हणून नाही म्हणणं आणखी जड गेलं. ह्यांनी त्यांच्या पायांना हात लावला. मग मीच बोलले. "बाबा, गाडीत दोष नव्हता. ह्यांच्या कामातही नव्हता. दोष माझा होता." आणि सगळं सांगितलं, शेंदरापासून दाभणापर्यंत. वडिलांनी चष्मा पुसला. कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. ते उठले, अंगणात गेले, झाकण काढायला लावलं, उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. मग म्हणाले, "तो कार्बोरेटर कुठं असतो?" ह्यांनी बोनेट उघडलं. कडी कुठली, डबी कुठली, सोनाराकडे काहून जावं लागलं, सगळं वडिलांनी विचारून घेतलं. तासभर ते त्या नाकात डोकं घालून उभे होते आणि त्यांच्या काळ्या टोपीला ग्रीस लागलं. जाताना अर्जाची घडी पुन्हा खिशात घालत एवढंच म्हणाले, "फार बारीक काम आहे हो. आमच्या कचेरीत एवढं बारीक काम कुणाला जमणार नाही." पुढच्या रविवारपासून ते ओट्यावर गाडीकडे तोंड करून बसू लागले. आणि लग्नकार्यात कुणी जावयाचं विचारलं की 'ट्रान्सपोर्ट'चं नाव न घेता सरळ सांगत, "ट्रक आहे. कार्बोरेटर स्वतः बांधतात." ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत, आणि तेव्हा माझी मान किती ताठ झाली होती ते काय सांगू.

ती गाडी पुढं आणखी बरीच वर्षं चालली. मग तिचे भाग मिळेनात, पेट्रोल परवडेना, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक दिवस ह्यांनीच तिला निरोप दिला. नंतर डिझेलच्या दोन गाड्या आल्या. डिझेलच्या गाडीला कार्बोरेटर नसतो. लाइनीतली माणसं म्हणाली, कटकट गेली. हे हो म्हणाले, पण पुढं कितीतरी दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्कूटरी आमच्या अंगणात दुरुस्त होत राहिल्या आणि त्या दुपारी ह्यांची तब्येत एकदम चांगली असे.

बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघंही म्हातारी झाल्यावर, मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडले काहून नाही? माझीच तर चूक होती." ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "ओरडू कायले? तू गुपचूप भोक मोकळं केलं असतं, तर गाडी चाललीच असती. आन मी जन्मभर समजलो असतो, का आपोआप सुधरली, आन आपोआप बिघडन बी. तू सांगतलं तवा मले माहे हात वापस भेटले." दाभण घेऊन माजघरात उभी असलेली मी त्यांना कधी सांगितली नव्हती. त्यांनी ती पाहिली होती की नुसती ओळखली होती, हे मला विचारता आलं नाही.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गाडी गेली, अंगण गेलं, सावनेरचा रस्ता इतका रुंद झाला की मला ओळखू येत नाही. शेवटच्या आजारात ते हात पांघरुणावर पडलेले असत, नखं कधी नव्हे ती स्वच्छ, आणि मी ते हातात घेऊन बसे. उतरले होते ते आता खरोखरच. पेला धरवत नव्हता. पण त्या हातांवर त्यांचा शेवटपर्यंत भरवसा होता.